काझुओ शिनोहारा

काझुओ शिनोहारा (२ एप्रिल, १९२५ : नुमाझु, शिझुओका प्रांत, जपान - १५ जुलै, २००६) हे जपानी वास्तुविशारद आणि अध्यापक होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जपानी गृहरचनेवर त्यांच्या विचारांचा मोठा प्रभाव आहे.

शिक्षण व अध्यापन

शिनोहारा यांनी प्रथम गणिताचे शिक्षण घेतले व काही काळ गणित शिकवले. नारा येथील प्राचीन वास्तूंनी प्रभावित होऊन ते वास्तुकलेकडे वळले. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत कियोशी सेइके यांच्या हाताखाली शिकून ते १९५३ मध्ये पदवीधर झाले आणि पुढे निवृत्तीपर्यंत तेथेच अध्यापन केले. इत्सुको हासेगावा व काझुनारी साकामोतो हे वास्तुविशारद त्यांच्या प्रभावळीतील होत.

भूमिका

महायुद्धानंतर जपानमध्ये घरांची तीव्र टंचाई होती. स्वस्त, आटोपशीर आणि कारखान्यात घडवलेल्या घरांवर भर दिला जात होता, तर मेटाबोलिस्ट गटातील वास्तुविशारद अवाढव्य शहरांचे आराखडे मांडत होते. शिनोहारा यांनी दोन्ही वाटा नाकारल्या. घर ही कलाकृती आहे, असे प्रतिपादन त्यांनी १९६२ मध्ये केले. त्यांनी तीसहून अधिक घरांची रचना केली.

प्रमुख वास्तू

आपल्या कार्याचे त्यांनी स्वतःच चार शैलींमध्ये विभाजन केले. पहिल्या शैलीत जपानी परंपरेचा शोध आहे. टोकियोतील 'छत्रीगृह' (१९६१) अवघ्या ५५ चौरस मीटरचे असून त्याच्या छपराचे वासे उघड्या छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरलेले आहेत. 'शुभ्र गृह' (१९६६) चौरस आराखड्याचे असून त्याच्या पांढऱ्या दालनात देवदारासारख्या सुगी वृक्षाचा एकच खांब उभा आहे. दुसऱ्या शैलीत पारंपरिक खुणा मागे पडून अमूर्त भूमितीला महत्त्व आले. कवी शुंतारो तानिकावा यांच्यासाठी बांधलेल्या घरात (१९७४) उताराची जमीन सपाट न करता मातीचा उतार छपराखाली तसाच राखला आहे. उएहारा येथील घरात (१९७६) काँक्रीटचे तिरके आधार थेट बैठकीच्या खोलीतून जातात. 'टीआयटी शताब्दी सभागृह' (१९८७) ही त्यांची सर्वांत परिचित सार्वजनिक वास्तू होय.

वारसा

२०१० मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला द्वैवार्षिकीत त्यांना मरणोत्तर सुवर्णसिंह सन्मान देण्यात आला. रस्त्याच्या कामामुळे छत्रीगृह पाडले जाण्याची वेळ आली होती. ते सुटे करून जर्मनीतील वाइल आम ऱ्हाइन येथील व्हिट्रा संकुलात २०२२ मध्ये पुन्हा उभारण्यात आले.