साने गुरुजी : एक प्रायश्चित्त

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात पांडुरंग सदाशिव साने यांचे स्मरण उचित ठरावे. कोकणातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी जन्मलेले साने १९२४ साली अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राचे गुरुजी झाले. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस प्राण पणाला लावले, आणि मंदिर खुले झाले.

परंतु याहून कठीण कसोटी पुढे होती. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली. मारेकरी मराठी होता. दुःखाचा संताप झाला आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत त्याच्या जातीच्या निरपराध कुटुंबांची घरेदारे पेटविण्यात आली. एकाचे पाप हजारोंच्या माथी आले.

गुरुजी स्वतः त्याच ज्ञातीत जन्मलेले. स्वकीयांचा कैवार घेऊन ते इतरांना दोष देऊ शकले असते, किंवा स्वकीयांना धिक्कारून मोकळे होऊ शकले असते. त्यांनी दोन्ही टाळले. ज्या समाजात हा द्वेष पोसला गेला त्या समाजाचे आपणही घटक, असे मानून त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. शिक्षा त्यांनी स्वतःला दिली. मग १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू करून ते मने सांधण्याच्या कामाला लागले. प्रांतोप्रांतीच्या लोकांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, सुखदुःखे जाणावीत, हे 'आंतरभारती'चे स्वप्न त्यांनी अखेरच्या वर्षांत पाहिले. ११ जून १९५० रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

रायपूरजवळच्या उरला येथील कारखान्यांत आपली माणसे परप्रांतीयांच्या खांद्याला खांदा लावून राबतात. छत्तीसगडी शेजार हेच आपले गोत झाले आहे. दूर कोठे अनर्थ घडला की एखाद्या शेजाऱ्याच्या जातीकडे, धर्माकडे वा प्रांताकडे बोटे वळू लागतात. अशा दिवशी त्या शेजाऱ्याच्या दारी जाऊन त्याची विचारपूस करावी. आपल्या मुलांनी हे घरातच पाहिले, तर गुरुजींचे स्मरण सार्थ होईल.