सर जेम्स पॅजेट : हाडांच्या दुखण्याचा धीराने माग घेणारा शल्यविशारद

नडगी किंवा गुडघा महिनोन्‌महिने दुखत राहिला, की दोष बहुधा वाताला नाहीतर वयाला दिला जातो. अशा चिवट दुखण्याच्या मुळाशी कधी कधी खुद्द हाडाचाच विकार असतो. ही गोष्ट क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी ज्यांनी केवळ निरीक्षणाच्या बळावर उलगडून दाखवली, त्यांत सर जेम्स पॅजेट यांचे नाव अग्रभागी आहे.

पॅजेट यांचा जन्म ११ जानेवारी १८१४ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट यारमथ या बंदरात झाला. वडील मद्यनिर्मिती व जहाजांचा व्यवसाय करीत. पुढे धंदा बुडाला आणि कर्जाचा डोंगर मागे राहिला. ते कर्ज फेडण्याची जबाबदारी मुलांनी अंगावर घेतली, आणि ती पार पाडण्यात जेम्स यांची अनेक वर्षे गेली.

गावातल्या शल्यचिकित्सकाकडे उमेदवारी केल्यानंतर १८३४ साली ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. दुसऱ्याच वर्षी शवविच्छेदन करताना मानवी स्नायूंत दिसलेले बारीक ठिपके त्यांनी भिंगाखाली तपासले आणि त्यांत सूक्ष्म कृमी असल्याचे ओळखले. या शोधाचे श्रेय बहुतांशी रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेले. पॅजेट मात्र आपल्या कामात गढून राहिले. तुटपुंज्या मिळकतीमुळे विवाहासाठीही त्यांना आठ वर्षे थांबावे लागले.

पुढे यश आले. राणी व्हिक्टोरियाच्या शल्यचिकित्सकांत त्यांची नेमणूक झाली. १८६७ साली युवराज्ञी अलेक्झांड्रा हिचा गुडघा दीर्घ आजाराने कायमचा ताठरला, तेव्हा तिच्यावरील उपचारांत पॅजेट होते. १८७० साली त्यांनी गुडघ्यासारख्या सांध्यांत सुटून फिरणाऱ्या तुकड्यांची मीमांसा केली. मार लागल्यानंतर सांध्याच्या पृष्ठभागाचा लहानसा भाग फारसा दाह न होता मृत होतो आणि कालांतराने सुटून निघतो, असे त्यांनी मांडले. दुसऱ्याच वर्षी शवविच्छेदनातून झालेल्या संसर्गाने ते मरणाच्या दारी पोहोचले. त्यातून वाचले, पण रुग्णालयाची सेवा त्यांना सोडावी लागली. त्याच वर्षी त्यांना सरदारकीचा किताब मिळाला.

त्यांचे नाव अजरामर करणारे काम मात्र एका रुग्णाशी जोडलेले आहे. १८५४ साली, वयाच्या ४६व्या वर्षी, या गृहस्थांच्या मांड्या व पाय दुखू लागले. दोन वर्षांनी पॅजेट यांनी त्यांना प्रथम तपासले, तेव्हा डावी नडगी जाड झाली होती. औषधांनी गुण येईना. पॅजेट यांनी घाईने निदान ठोकून दिले नाही. वीस वर्षे ते या रुग्णाचा माग ठेवून राहिले. पाय धनुष्यासारखे वाकत गेले, पाठीला पोक आले, उंची कमी झाली. डोके इतके वाढले, की टोपीचे माप १८४४ मध्ये साडेबावीस इंच होते, ते १८७६ मध्ये सव्वासत्तावीस इंच झाले. बुद्धी मात्र अखेरपर्यंत शाबूत होती. त्याच वर्षी हाताच्या हाडातील कर्करोगाने या गृहस्थांचा मृत्यू झाला.

शवविच्छेदनानंतर, नोव्हेंबर १८७६ मध्ये, पॅजेट यांनी असे पाच रुग्ण वैद्यकीय सभेपुढे मांडले. हा दाह असावा, असा त्यांचा कयास होता. आज वेगळे कारण ज्ञात आहे. शरीर जुने हाड झिजवून नवे घडवीत असते. या विकारात तो तोल बिघडतो. नवे हाड घाईने, अस्ताव्यस्त रचले जाते. ते जाड दिसते, पण दुबळे असते. म्हणून भार पेलणारी नडगी वाकते आणि दुखते. कारणमीमांसा बदलली, तरी पॅजेट यांनी रेखाटलेले रोगाचे चित्र टिकून राहिले, आणि विकारही त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. आशियात तो विरळा असला, तरी क्ष-किरण व रक्ततपासणीने त्याचा छडा लागतो, आणि हाडाची अवाजवी झीज रोखणारी औषधेही उपलब्ध आहेत.

३० डिसेंबर १८९९ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी, लंडनमध्ये पॅजेट यांचे निधन झाले. आपल्या पहिल्या रुग्णाला ते बरे करू शकले नाहीत. परंतु त्याची तक्रार त्यांनी वीस वर्षे ऐकून घेतली, मापे टिपून ठेवली, आणि त्यामुळेच पुढच्या रुग्णांच्या वेदनेला नाव व उपचार मिळण्याची वाट मोकळी झाली.