आधी भाकरी, मग पाटी : कर्मवीर भाऊराव पाटील

समाज बदलावा असे वाटणारी माणसे पुष्कळ असतात. पण सुरुवात कोठून करावी याचा शांतपणे विचार करणारी थोडी. कर्मवीर भाऊराव पाटील हे त्या थोड्यांपैकी एक होते. त्यांच्या जयंतीला आपण प्रतिमेला हार घालतो. परंतु त्यांनी आपल्या कामांचा जो क्रम लावला, त्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. मला तो क्रमच त्यांचा खरा मोठेपणा वाटतो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले म्हणून त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले आणि राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. जातवार वसतिगृहाचा लाभ आणि त्याची मर्यादा, दोन्ही त्यांनी विद्यार्थिदशेतच अनुभवले. त्यांचे स्वतःचे शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतही पोचले नाही.

पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले. नांगर विकणाऱ्या माणसाला शेतकऱ्याच्या घरातली खरी परिस्थिती दिसते. शेतकऱ्याचे पोर शाळेत का येत नाही? मोठी शाळा गावापासून दूर, तेथे राहायला जागा नाही, जेवायला घालणारे कोणी नाही, आणि पोर गेले तर शेतावरचे दोन हात कमी होतात. अशा घराला शिक्षणाचे महत्त्व व्याख्यानातून पटवून काय उपयोग? ते पटले तरी पोर शाळेत येणार कसे?

म्हणून ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर त्यांनी भर दिला तो वसतिगृहावर. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. तेथे मुले कष्ट करीत, स्वयंपाकात हातभार लावीत आणि एकाच पंगतीला बसत. जातिभेदावर प्रवचन न देता भाऊरावांनी मुलांना एका चुलीवरची भाकरी खायला शिकविले.

या कामाची किंमत घरानेही मोजली. मुलांना धान्य आणायला पैसे नव्हते, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा मोडायला दिले. भाऊरावांच्या नावाबरोबर लक्ष्मीबाईंचे नाव तितक्याच आदराने घेतले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

वसतिगृहानंतरची पायरी होती शिक्षक घडविण्याची. खेड्यात टिकून राहील असा शिक्षक खेड्यातूनच तयार व्हायला हवा, हे ओळखून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. शिक्षक तयार होऊ लागले, तशा गावोगाव प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. त्यानंतर १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. आधी भाकरी, मग शिक्षक, मग शाळा आणि शेवटी कॉलेज! कळसापासून देऊळ बांधण्याची घाई त्यांनी केली नाही. १९५९ साली त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट्. मिळाली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

हा क्रम मला पुस्तकातून पटला नाही, घरातून पटला. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. मी गावी आजीजवळ राहिले म्हणून शिकले आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिली ठरले. धाकट्या भावाला मागे ठेवायला कोणी नव्हते. तो फडावर गेला आणि चौथीत त्याची शाळा सुटली. गावात शाळा होती, गुरुजी होते, पुस्तकेही होती. नव्हती ती फक्त सहा महिने राहण्याची जागा आणि दोन वेळची भाकरी.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या कॉलेजात ‘कमवा व शिका’ योजना आहे. मी त्या योजनेत ग्रंथालयात काम करते. ही योजना म्हणजे गरिबांसाठीची सवलत, असे आपल्यापैकी काहींना वाटते. भाऊरावांच्या लेखी कष्ट ही सवलत नव्हती, शिक्षणाचाच तो एक भाग होता. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. कमावून शिकणाऱ्याची ताठ राहते.

रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या पारंब्या पुन्हा मातीत रुजतात आणि झाडाला आधार देतात. आपण पदवी घेऊन बाहेर पडू तेव्हा आपल्या गावातले एक तरी मूल हंगामात मागे राहून शिकेल एवढी व्यवस्था आपल्याला करता येईल का? कर्मवीरांना अभिवादन करताना मी स्वतःला हाच प्रश्न विचारते आहे.