एकट्याचे मत

शाळेचा खर्च कोणी सोसावा, हा वाद जुना आहे. पुण्यात तो महात्मा जोतीराव फुले यांनी मांडला.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांची शाळा बंद केली होती. मुन्शी गफ्फार बेग आणि लिजिटसाहेब यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ मध्ये हा मुलगा पुन्हा शाळेत गेला. पुढे १८४८ मध्ये त्यानेच मुलींची शाळा काढली.

१८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला द्या, असा जोतीरावांनी आग्रह धरला. ठरावाविरुद्ध मत पडले ते त्यांचे एकट्याचेच!

ते खचले नाहीत. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले. लोकल फंडाचा निम्मा हिस्सा फक्त प्राथमिक शिक्षणासाठी राखावा. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा सर्व खर्च नगरपालिकांनी द्यावा, परंतु कारभार मात्र पूर्णपणे त्यांच्याकडे न देता देखरेख शिक्षणखात्याची असावी, असे त्यांनी मागितले. पालिकेचा कारभार आतून पाहिलेल्या माणसाची ही मागणी होती.

१८९० मध्ये जोतीराव गेले.

पालकहो, स्वागतसमारंभ की शाळा, हा ठराव आपल्याही घरी येतो. लग्नकार्यातील थाटमाट एकीकडे, मुलामुलींचे शिक्षण दुसरीकडे. अशा वेळी आपले मत कोणत्या बाजूला पडते?