बाळंतिणींचे कैवारी डॉ. सेमेलवाइस

डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजीं हंगेरींतील बुडा शहरीं एका कॅथलिक व्यापाऱ्याच्या घरीं झाला. १८४६ त ते व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळांत प्रसूतिविभागाचे साहाय्यक डॉक्टर झाले. तेथें दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. त्या वर्षीं पहिल्यांत शेंकडा अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यांत तीनही नाहींत. पहिल्या विभागांत नेऊं नका म्हणून गर्भिणी गयावया करीत. मरणोन्मुख स्त्रीस शेवटचे संस्कार देण्यास धर्मगुरु घंटा वाजवीत तेथून जात. त्या धास्तीनेंच ज्वर येत असावा या शंकेनें डॉक्टरांनीं घंटा बंद करविली, आणि धर्मगुरूंनींही तें मानलें, हें आम्हांस विशेष वाटतें. मृत्यु मात्र थांबले नाहींत.

मार्च १८४७ त त्यांचे स्नेही प्रा. कोलेच्का शवविच्छेदनांत सुरी लागून वारले. त्यांच्या शवांत बाळंतिणींच्याच रोगाचीं चिन्हें निघालीं. शव फाडलेल्या हातांनींच विद्यार्थी गर्भिणींस तपासीत! मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम झाला. १८४८ त पहिल्या विभागांतील मृत्यु शेंकडा दीडच्या आंत आले.

वरिष्ठांस तें पटलें नाहीं. पुढें पेस्टच्या संत रोखुस इस्पितळांत ९३३ बाळंतपणांत अवघ्या ८ स्त्रिया या ज्वरानें गेल्या. प्रतिपक्षास ते जाहीर पत्रांतून खुनी म्हणूं लागले, हा दोष आम्ही झांकीत नाहीं. १३ ऑगस्ट १८६५ रोजीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, व्हिएन्नानजीक वेड्यांच्या इस्पितळांत जखम चिघळून ते वारले.