वाघाची दोन खाती

अकोटहून नरनाळ्याकडे पाहिले की मला कॅप्टन जेम्स फोर्सिथ आठवतो. डोंगरापलीकडच्या निमाडात हा इंग्रज जमाबंदी अधिकारी होता. पचमढीचे बायसन लॉज त्याचेच. हाडाचा शिकारी! वाघ, लांडगा मारणाऱ्याला तेव्हा सरकारी बक्षीस मिळे. तरी फोर्सिथने वाघाची दोन खाती केली. एक गुरे उचलणारा. दुसरा रानातल्या शिकारीवर जगणारा. हा दुसरा पिके नासवणारी हरणे, डुकरे कमी करतो, म्हणून शेतकऱ्याच्या फायद्याचाच. पीककर्जाच्या वसुलीला फिरताना रोही-डुकरांची गाऱ्हाणी मी पुष्कळ ऐकली, तेव्हा हे पटले. पण लांडग्याने मेंढी नेलेल्या धनगराला हा हिशेब कसा सांगायचा? 1871 मध्ये, मध्य भारतातल्या रानांवरचे त्याचे पुस्तक बाहेर पडण्याआधीच, फोर्सिथ ऐन तिशीत वारला.