चार्ल्स लिंडबर्ग : दोऱ्याने अंतर मोजणारा वैमानिक

विद्यार्थी मित्रांनो, अंतर, वेग आणि वेळ यांची उदाहरणं सोडवताना तुम्हाला कधीतरी वाटलं असेल, याचा उपयोग काय? आज अशा माणसाची ओळख करून घेऊया, ज्याचा जीवच या उदाहरणावर अवलंबून होता.

चार्ल्स लिंडबर्ग यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०२ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट येथे झाला. बालपण मिनेसोटा राज्यात गेलं. कॉलेज अर्ध्यावर सोडून ते विमान चालवायला शिकले आणि पुढे सेंट लुईस ते शिकागो विमानाने टपाल नेऊ लागले.

न्यूयॉर्क आणि पॅरिस यांच्यामध्ये कुठेही न थांबता उडणाऱ्यासाठी १९१९ मध्ये २५,००० डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं. त्या प्रयत्नात अनेकांचे जीव गेले. मे १९२७ मध्ये नंजेसर आणि कोली हे फ्रेंच वैमानिक पॅरिसहून निघाले, ते पुन्हा कुणाला दिसलेच नाहीत.

लिंडबर्ग यांचं विमान सॅन डिएगोत तयार होत होतं. त्यात पेट्रोल किती भरायचं, हे अंतरावर ठरणार होतं. मग ते ग्रंथालयात गेले आणि तिथल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून त्यांनी अंतर मोजलं. ते सुमारे ३,६०० मैल, म्हणजे जवळपास ५,८०० किलोमीटर भरलं.

आता इथे नीट लक्ष द्या बरं का. सपाट नकाशावर पट्टीने रेघ मारली, तर ती भर समुद्रातून जाते. पण गोलावर ताणलेला दोरा उत्तरेकडे झुकतो आणि न्यूफाउंडलंड, आयर्लंडवरून जातो. पृथ्वी गोल असल्याने तोच सर्वांत जवळचा मार्ग. हा मार्ग बृहद्वृत्तावर असतो.

ताशी १०० मैल वेग धरून लिंडबर्ग यांनी ३६ तासांचा हिशोब मांडला. नकाशावर १००-१०० मैलांचे टप्पे पाडले. दर टप्प्याला दिशा किंचित बदलायची होती. सुमारे १,७०० लीटर पेट्रोल न्यायचं, म्हणून रेडिओ आणि पॅराशूटसुद्धा त्यांनी घेतलं नाही.

२० मे १९२७ रोजी सकाळी ७:५२ वाजता ते न्यूयॉर्कहून एकटेच निघाले. आदल्या रात्री झोप झालेली नव्हती. वाटेत धुकं, बर्फ आणि डोळ्यांवर झापड! तरीही आयर्लंडचा किनारा आखलेल्या मार्गाच्या अगदी जवळ दिसला. २१ मे रोजी रात्री १०:२२ वाजता ते पॅरिसला उतरले.

प्रवास किती तासांचा झाला? वजाबाकी केलीत तर ३८ तास ३० मिनिटं येतील. पण थांबा! पॅरिसचं घड्याळ तेव्हा न्यूयॉर्कच्या ५ तास पुढे होतं. ते वजा करा. उत्तर ३३ तास ३० मिनिटं. आता ५,८०० ला ३३.५ ने भागा. सरासरी वेग ताशी सुमारे १७३ किलोमीटर.

पुढे त्यांच्या वाट्याला दुःखही आलं. १९३२ मध्ये त्यांच्या तान्ह्या मुलाचं अपहरण होऊन खून झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पडू नये, या मतामुळे त्यांच्यावर खूप टीका झाली. उतारवयात त्यांनी निसर्गरक्षणासाठी काम केलं. २६ ऑगस्ट १९७४ रोजी हवाई बेटांवर त्यांचं निधन झालं.

मुलांनो, आता तुमची पाळी. वर्गातला पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून पाहा. दोरा उत्तरेकडे किती वर जातो आणि कोणत्या देशांवरून जातो, ते वहीत लिहा. वेळ काढताना दोन्ही शहरांच्या घड्याळांतला फरक मात्र विसरू नका!